गवताच्या मशीनला दाते

टिकाराम सेलोकर बाबू १९८१ सालच्या मार्चअखेरीस निवृत्त झाले आणि एप्रिलच्या एक तारखेला सकाळी साडेदहाला भंडाऱ्याच्या कचेरीत हजर होते. त्यांच्या जागी आलेल्या कारकुनानं विचारलं, "काही राहिलं का बाबू?" बाबू म्हणाले, "नाही, सहज." ते असे सहज नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी त्या कारकुनानं तिथली एकमेव खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली. बाबूंना टिपणी वाचायची सवय होती. ही न लिहिलेलीही त्यांनी वाचली आणि मोहाडीला, आपल्या गावी, कायमचे परत आले.

कायमचे म्हणजे मुक्कामापुरते. पाय काही घरात ठरत नव्हते. एकतीस वर्षं रेकॉर्डरूममध्ये काढलेली. तिथे खुर्ची एकच, आणि तीही तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी. बाकीचं आयुष्य रॅकपासून रॅकपर्यंत, हातात कागदांचा बस्ता घेऊन चालण्यात गेलेलं. आता बस्ता नव्हता, चालणं उरलं होतं. सकाळचा चहा ते अर्धा घरी घेत आणि अर्ध्याच्या वेळेला बसस्टँडवर असत. तिथून पोस्टात, पोस्टातून धाकटा भाऊ यादोराव याच्या शेतावर, शेतावरून तलावाच्या पाळीवर, आणि जेवायला बसले की दुसऱ्या भाकरीला उठून दारात जाऊन कोण आलं ते बघून येत. कोणी आलेलं नसे.

"तुमच्या बुडाले चटके बसतेत का वो?" कौशल्याबाई विचारत. "पाट गरम लागते का थंडा लागते, सांगून तं टाका एकदा."

बाबूंचं स्वतःचं एक निदान होतं. भंडाऱ्याच्या सरकारी बंगल्यासमोर हिरवळ होती. संध्याकाळी दौऱ्यावरचे साहेब तिथे वेताच्या खुर्च्या टाकून बसत आणि बाबू कागद घेऊन हिरवळीच्या कडेला उभे राहत, कारण ओल्या गवतावर चपला नेलेल्या माळ्याला खपत नसत. एकतीस वर्षांत त्या कडेवरून त्यांनी कितीतरी साहेब पाहिले. कचेरीत टेबलावर मुठी आपटणारे, जीपमध्ये ड्रायव्हरवर खेकसणारे साहेब त्या गवतावर बसले की तासतासभर हलत नसत. साहेब लोक जात्याच स्वस्थ असतात असं मानायला पुरावा नव्हता. तेव्हा स्वस्थपणा गवतात असला पाहिजे, असा बाबूंनी निष्कर्ष काढला, आणि घरासमोरच्या मोकळ्या जागेत हिरवळ करायचं ठरवलं.

त्या जागेवर कौशल्याबाईंचा डोळा होता. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कुंपणावर पोपटाच्या, वालासारख्या शेंगांचा वेल, असा त्यांचा नकाशा तयार होता. पण गवतावर का होईना, माणूस एका जागी बसणार असेल तर सांबार बाजारातून आणता येईल, असा विचार करून त्यांनी जागा सोडली. पुढे जे झालं त्यात त्यांचा वाटा एवढाच, असं त्या नंतर पुष्कळ दिवस सांगत.

बाबू कारकून असले तरी जन्म धानवाल्याच्या घरातला. जमिनीत काही उगवायचं म्हणजे तिची बांधी करायची, एवढंच त्यांच्या हाताला माहीत. त्यांनी जागेला चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातले. मृगाचं पाणी पडल्यावर यादोरावाचे बैल आणून चिखल केला, पाटीनं तो सपाट केला, आणि रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बाया बोलावल्या. सीताबाई म्हणून शेजारची एक जण, रोवणीत तिचा हात सगळ्यात चपळ, तीच पुढे होती. बाबूंनी तिच्या हातात दुबीच्या, म्हणजे हरळीच्या, जुड्या दिल्या. धानाच्या बांधीतून सकाळीच उपटून आणलेल्या.

सीताबाईनं जुडी उलटीसुलटी पाहिली. "बाबू, ही तं दूब होय."

"दूबच लावायची आहे."

"व माय! आजवर दूब उपटाची मजुरी घेतली, आता रोवाची बी घेऊन राहिलो."

"घे व बाई, बोलू नोको," मागची एक जण म्हणाली. "पुढल्या साली गाजरगवत रोवाले बलावतीन."

हसता हसता बायांनी दूब धानासारखी ओळीनं, चार बोटांच्या अंतरानं रोवून दिली. बाबूंनी आठव्या दिवशी युरिया फेकला, पंधराव्या दिवशी पुन्हा फेकला. जन्मभर शिव्या खाऊन वाढलेल्या त्या गवताला पहिल्यांदाच मान मिळत होता. ते डोक्यावर बसलं. श्रावण लागेपर्यंत ते गुडघ्याच्या वर गेलं होतं, आणि बाबूंनी त्यात हौसेनं ठेवलेल्या खुर्चीची फक्त पाठ रस्त्यावरून दिसत होती. बाबू दोनदा त्या खुर्चीपर्यंत गेले. दोन्ही वेळा मांडीपर्यंत भिजून परत आले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्या गवतातून एक धामण निघाली आणि अंगण ओलांडून, घाई न करता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. कौशल्याबाई तिथेच लाह्या निवडत होत्या. नागाला लाह्या वाहायला वारुळापर्यंत जायची गरज त्या वर्षी उरली नव्हती. धामण विषारी नसते, हे बाबूंनी त्यांना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"आयका," त्या म्हणाल्या. "पोळा फुटेपर्यंत थांबतो मी. तवर हे गवत तुमच्या साहेबाच्या बंगल्यावानी झालं तं राहू देईन. नाई झालं तं दुसऱ्या दिवशी भाऊजीचे बैल आनतो, नांगर घालतो, आन् वांगे लावतो. मंग तुमी बसा बसस्टँडवर."

पोळ्याला पंचवीस दिवस होते.

विळ्यानं कापावं, हा पहिला विचार झाला. सीताबाईनं म्हशीसाठी एक कोपरा कापून नेला. कोपरा असा दिसू लागला की न्हावी अर्ध्यात उठून गेला असावा. खुंट पायाला टोचत होते. बंगल्यावर माळी मशीन चालवत असे, हे बाबूंना आठवलं. तेव्हा मशीन घ्यायची. आणि घ्यायची म्हणजे नियमाप्रमाणे. बाबूंनी एक फाईल उघडली, तिच्यावर 'विषय : गवत कापण्याचे यंत्र खरेदी करणेबाबत' असं लिहिलं, आणि तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायला निघाले. निघणं महत्त्वाचं होतं. त्या आठवड्यात ते नागपूरला दोनदा आणि तुमसरला तीनदा गेले.

नागपुरात सीताबर्डीवर एका दुकानात नवी मशीन होती. हलकी, हिरव्या रंगाची, दोन बाजूंना दोन चाकं. सोबत इंग्रजी माहितीपत्रक, त्याची एक प्रत बाबूंनी मागून घेतली. दुकानदार म्हणाला, छोट्या बागेला हीच बरी, एकट्या माणसाला ढकलता येते, आणि खाली ओल असेल तर जमिनीत रुतत नाही. दुसरी मशीन तुमसरच्या टेकचंद भंगारवाल्याकडे. कुठल्याशा खाणीवरच्या बंगल्यातून निघालेली, ओतीव लोखंडाची, मागे जाडजूड रूळ, पुढे दोर बांधायला कडी. एकानं दोर ओढायचा, दुसऱ्यानं मागून दांडी धरायची. तिसरं दरपत्रक मिळेना. मोहाडीत सायकलचं दुकान चालवणारे भय्याजी बाबूंचे जुने दोस्त. त्यांनी नियम अडायला नको म्हणून आपल्या पॅडवर लिहून दिलं : 'म्हैस एक. धार लावावी लागत नाही. तेल लागत नाही. दूध देते.'

बाबूंनी तिन्हींचा तुलनात्मक तक्ता केला. म्हशीच्या रकान्यात 'गवत एकसारखे कापीत नाही' असा शेरा मारून ती बाद केली.

"नवी घे ना जी," भय्याजी म्हणाले. "हलकी हाये. तुह्यासारख्याच्या हातात हलकीच पाहिजे, पायाले भिंगरी तं हायेच."

पण बाबू जुन्या मशीनवर भाळले होते. बंगल्यावरची अगदी अशीच होती. आणि नवी मशीन उचलून पाहिली तेव्हा ती एका हातानं उचलली गेली होती. एका हातानं उचलल्या जाणाऱ्या सरकारी वस्तूवर त्यांचा कधी विश्वास बसला नव्हता. दुकानदारानं ओलीबद्दल जे सांगितलं ते तक्त्यात एका रकान्यात लिहिलेलं होतं. बाबूंनी तो रकाना पाहिला, खाली सही केली आणि जुनी घेतली.

यादोरावाच्या बैलगाडीतून मशीन आली. उतरवायला चार माणसं लागली. कौशल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तेलाचा घाणा आनला का?"

"गवत कापायची मशीन आहे."

"आन् जवस कुटं टाकाचं?"

आधी सीताबाईकडून सगळं गवत विळ्यानं वीतभर करून घेतलं, कारण मशीनला उंच गवत चालत नाही असं माहितीपत्रकात होतं. मग यादोरावानं दोर धरला, बाबूंनी दांडी धरली, आणि गल्लीतली निम्मी माणसं कुंपणाशी आली. मशीन खडखडत पुढे गेली. गवत वाकलं, मशीनला वाट दिली, आणि मशीन गेल्यावर सावकाश पुन्हा उभं राहिलं. बाबूंनी कचेरीत अशी पुष्कळ माणसं पाहिली होती.

पाती बोथट होती, हे उघड होतं. मशीनच्या पोटात पिळदार पात्यांचा एक आडवा सिलिंडर होता. पाच पाती फिरतात आणि खाली बसवलेल्या एका सरळ पट्टीला घासून जातात, तिथे गवत कापलं जातं. या सगळ्याला धार लावायची होती. माहितीपत्रकात 'पाती तीक्ष्ण ठेवावीत' एवढंच लिहिलं होतं. धार म्हटलं की त्या भागात एकच नाव, आंधळगावचा कवडू लोहार. कवडूच्या हातचा विळा धानाला नुसता दाखवला तरी धान आडवं होतं, असं लोक म्हणत. दर पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांतून कापणीचे विळे त्याच्याकडे येत.

पोळ्याला सहा दिवस उरले असताना बाबूंनी मशीनचं पोट खोललं, सिलिंडर आणि पट्टी गाडीत टाकली आणि आंधळगाव गाठलं.

"राम राम बाबू. बसा," कवडू म्हणाला. त्यानं एक लाकडी ठोकळा पुढे सरकवला. "चहा बोलावतो. दोन तासाचं काम हाये."

बाबू बसले. भात्यानं निखारा लाल व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसले. मग त्यांना आठवलं की आंधळगावात त्यांचा एक जुना शिपाई राहतो. "तू धार लाव, मी आलोच," म्हणून ते उठले. शिपाई घरी नव्हता. मग ते बाजाराच्या रस्त्यानं गेले, शाळेत डोकावले, देवळाच्या पायरीवर टेकले, तिथून उठले, तळ्याचं पाणी किती चढलं ते पाहिलं, एका हॉटेलात चहा अर्धा टाकला. दोन तासांत त्यांनी आंधळगाव असं तपासलं की कुठल्याही साहेबानं कधी तपासलं नसेल.

परत आले तेव्हा कवडू घाम पुसत होता आणि त्याच्या तोंडावर समाधान होतं.

"घ्या बाबू. मधात मी तुमाले विचाराले रस्त्यावर आल्तो, का दाते बारीक पाह्यजेत का जाड. तुमी दिसलेच नाई. मंग म्या बारीकच काढले. पाचही पात्याले. आन् खालच्या पट्टीले बी."

पात्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत, करवतीसारखे, एकाला एक लागून बारीक दाते होते. धान कापायच्या विळ्याला असतात तसे. बाबूंनी अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "वा." कवडूची चूक होती म्हणावं तर बाबूंनाही ती दिसली नाही. बापाच्या घरचे सगळे विळे त्यांनी असेच पाहिले होते. गवत कापणारं लोखंड बिनदात्याचं असू शकतं, हे त्या झोपडीत कोणालाच माहीत नव्हतं.

घरी येऊन मशीन जोडली. यादोरावानं दोर ओढला. मशीन दोन हात चालली आणि तिची दातखीळ बसली. वरचे दाते खालच्या दात्यांत अडकले होते. सोडवून पुन्हा ओढली. आता वरचे दाते गवतात अडकले, आणि गवत चिखलात रोवलेलं, मऊ. ते कापलं जाईना, मुळासकट निघून येऊ लागलं. तिसऱ्या खेपेला दांडी बाबूंच्या पोटात बसली. मागे हातभर रुंद काळीभोर पट्टी उघडी पडली होती.

सीताबाई कुंपणावर हनुवटी टेकून पाहत होती. "बाबू, काहून जी? तुमची मशीन तं निंदन करून राहिली."

कौशल्याबाई बांधीत उतरल्या. त्यांनी त्या काळ्या पट्टीवर जाऊन चवड्यांवर बसून माती बोटांनी चुरगाळून पाहिली. वांग्याला चांगली होती.

बाबूंना त्या रात्री झोप लागली नाही, पण ते काही नवीन नव्हतं. नवीन एवढंच होतं की या वेळी कशासाठी, ते त्यांना ठाऊक होतं. सकाळी त्यांनी एक कागद पात्यावर ठेवून वरून पेन्सिल घासली, दात्यांचा ठसा घेतला, आणि पहिल्या बसनं नागपूर गाठलं. सीताबर्डीच्या दुकानदारानं ठसा हातात घेतला, चष्मा बदलला, आणि आतून आपल्या भावाला बोलावलं. दोघांनी मिळून पुन्हा पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"आमच्याकडे असंच करतात," बाबू म्हणाले.

दुकानदार हसला नाही. त्यानं हिरव्या मशीनचं पोट उघडलं, माहितीपत्रकाची एक चिंधी पातं आणि पट्टीच्या मध्ये धरली आणि सिलिंडर बोटानं हळूच फिरवला. चिंधी कात्रीनं कापावी तशी दोन झाली. "विळा ओढून कापतो," तो म्हणाला. "त्याला दाते पाहिजेत. ही कात्री आहे. कात्रीला कोणी दाते पाडत नाही. दोन सरळ कडा एकमेकींना या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम भेटल्या पाहिजेत. कमी नाही, जास्त नाही."

मग उपाय सांगितला. दाते कानशीनं झिजवून कडा सरळ करायच्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू जरा जरा आवळायचे. मोटार गॅरेजात व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती खरखरीत पेस्ट तेलात कालवून पात्यांना लावायची आणि सिलिंडर हातानं उलटा फिरवत राहायचा. थांबायचं नाही. सगळीकडे कागद कापला जाईपर्यंत.

"किती वेळ लागेल?"

दुकानदारानं बाबूंकडे पाहिलं. ते बोलता बोलता तीनदा दारापर्यंत जाऊन आले होते. "एका जागी बसून राहणारा माणूस असला तर दोन दिवस," तो म्हणाला.

पोळ्याला पाच दिवस होते. पेस्टचा डबा घेऊन बाबू दुसऱ्या दिवशी आंधळगावात.

कवडूनं सगळं ऐकून घेतलं आणि हातोडा बाजूला ठेवला. "बाबू, माह्या बापानं दाते काढले. आज्यानं काढले. काढलेले दाते मोडाले आजवर कोणी आनलं नाई."

"चूक माझी आहे. मी इथे असतो तर तू विचारलं असतं."

"तुमी इथं असते तं तुमी बी हो म्हटलं असतं," कवडू म्हणाला. हे खरं होतं. मग कवडू म्हणाला, "करून देतो. कानस मी मारतो. पन फिरवाचं काम तुमचं, इथं, माह्यासमोर. तुमी उठले का मी हात काढून घेतो. मंग लावा वांगे."

वांग्यांची बातमी आंधळगावपर्यंत पोचली होती.

कवडूनं दोन दिवस कानस मारली. दर दात्यामागे तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं सिलिंडर दोन खुंट्यांवर बसवला, खाली पट्टी स्क्रूनं कसली, टोकाला एक मूठ जोडली आणि ठोकळा सरकवला. बाबू बसले. पेस्ट लावली, मूठ उलटी फिरवू लागले. घर्रर्र, घर्रर्र.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांचे दोन्ही गुडघे आपोआप हलू लागले. बाहेर हॉर्न वाजला की मान वळे.

"तुमसरची होय," कवडू वर न पाहता म्हणे.

"माहीत आहे."

"मंग फिरवा."

एक म्हातारा विळा घेऊन आला, त्याला बाबूंनी तलावाच्या पाण्याबद्दल विचारलं आणि विचारता विचारता ते अर्धे उठले. कवडूनं भाता थांबवला. बाबू बसले. भाता सुरू झाला. दुपारनंतर काहीतरी झालं. काय झालं ते बाबूंनाही सांगता आलं नसतं. घर्रर्रचा आवाज जाड होता तो बारीक होत चालला होता, आणि कुठे अजून जाड आहे ते ऐकायला कान तिकडेच राहत होते. डाव्या टोकाला खडखड, मध्ये साफ, उजवीकडे किंचित कुरकुर. ते स्क्रू पाव फेरा आवळत, पुन्हा फिरवत. एक बस गेली. भंडाऱ्याची होती की तुमसरची, त्यांनी पाहिलं नाही. कवडूनंही सांगितलं नाही.

कागद म्हणून त्यांनी फाईल आणली होती. म्हशीचं दरपत्रक डाव्या टोकाला कापलं गेलं, उजवीकडे नुसतं दुमडलं. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या दुपारी, तुलनात्मक तक्त्याच्या चिंध्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पटापट खाली पडल्या. कवडूनं स्वतः एक चिंधी धरून पाहिली, मग आणखी एक. "दाते नसून कापते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही.

सीताबाई त्या दिवशी आंधळगावला काही कामानं गेली होती. तिनं परत येऊन कौशल्याबाईंना सांगितलं, "बाबू बसून हायेत."

"कुटं, बसमधी?"

"लोहाराकडं. मी जाताना पायलं, येताना पायलं. तिथंच. आईशप्पथ."

कौशल्याबाईंनी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मशीन जोडून तयार झाली आणि मग बाबूंच्या लक्षात आलं की आज पोळा आहे. वर्षातल्या या एका दिवशी बैलाच्या खांद्यावर काही ठेवत नाहीत, आणि बैल राबत नाही तिथे गडीही राबत नाही. यादोराव बैल धुवायला तलावावर गेला होता. शेजारचे दोघे शिंगं रंगवत होते. त्यांनी 'उद्या येतो जी' म्हटलं. उद्याला अर्थ नव्हता. भय्याजींना गुडघ्याचं दुखणं होतं, ते दोर पाहिल्याबरोबर बळावलं.

बाबू एकटेच ढकलू लागले. मशीन कापत होती, झकास कापत होती. पण खाली बांधीचा चिखल, वर ओतीव लोखंड. चार पावलांवर रूळ रुतला. त्यांनी मागे ओढली, पुढे ढकलली. पुन्हा रुतली. एका हातानं उचलली जाणारी मशीन त्यांना आठवली. दुपार कलली तेव्हा धुऱ्यालगतची एक पट्टी झाली होती आणि बाबूंचं बनियन पिळून काढण्याजोगं झालं होतं. आखरावर, जिथे बैल जमतात तिथून, डफड्याचा आवाज येऊ लागला.

कौशल्याबाई पुरण शिजवता शिजवता खिडकीतून पाहत होत्या. बाबू रुतलेल्या मशीनपाशी वाकून रुळाखालची माती हातानं काढत होते. उठून कुठे गेले नव्हते. बसस्टँडवर नाही, पोस्टात नाही. सकाळपासून त्याच जागेत होते. कौशल्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात धुतले, लुगडं खोचलं, आणि येऊन दोर उचलला.

"अगं, तू कशाला?"

"आज बैलाले सुट्टी हाये. मले कोनी देल्ली नाई." त्यांनी दोर खांद्यावरून घेतला. "दांडी सीधी धरा. आन् माह्या टाचेवर आनू नोका."

त्यांनी आयुष्यभर रोवणीच्या चिखलात पाय काढलेले. कुठे टेकायचा ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. मशीन निघाली. गवताचे तुकडे उडून बाबूंच्या पायांवर पडू लागले, हिरवा वास सुटला. एक ओळ, वळण, दुसरी ओळ. आखरावर डफडी चढत होती. आठव्या ओळीला लोकांची ओरड ऐकू आली. पोळा फुटायला आला होता, बैल आता घरोघरी निघणार होते. "चाला, चाला," कौशल्याबाई म्हणाल्या, आता त्यांनाच घाई झाली होती. शेवटची ओळ त्या जवळजवळ पळत गेल्या.

पोळा फुटला तेव्हा त्या दोर टाकून कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

रिवाजाप्रमाणे यादोराव बैल ओवाळून घ्यायला दारात आला. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळावर बाशिंगं. बैलांनी समोरचं दृश्य पाहिलं. यादोरावानंही पाहिलं.

"वयनी, हे काय वो? तुमीच जुतल्या?"

"हो ना. आधी मले ओवाळा, मंग त्याईले."

यादोराव हसू दाबत म्हणाला, "मंग उद्या नांगर आनू का नोको?"

कौशल्याबाई चिखलाचे पाय घेऊन हिरवळीच्या मधोमध गेल्या. टोचत नव्हतं. त्यांनी एकदा या टोकापर्यंत, एकदा त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. उपटलेल्या काळ्या पट्टीपाशी थांबल्या. बाबू दांडी धरून उभे होते. कचेरीत सहीसाठी कागद पुढे ठेवल्यावर उभे राहत तसे.

"तेवढ्या पट्टीत मी सांबार लावतो," त्या म्हणाल्या. "बाकी राहू द्या. भाऊजी, नांगर नोको."

बाबूंनी श्वास सोडला. कौशल्याबाई बैलांसाठी ताट आणायला निघाल्या, उंबऱ्याशी थांबल्या.

"हे किती दिवस टिकते?"

"काय?"

"हे कापलेलं."

माहितीपत्रकात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. बाबूंनी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं आणि प्रकरणाशी संबंध नसल्यानं फाईलमध्ये घेतलं नव्हतं. "पावसाळ्यात," ते म्हणाले, "साधारण... आठ दिवस."

कौशल्याबाईंनी हिरवळीकडे वळून पाहिलं. यादोरावानं बैलाची झूल नीट करायला घेतली. ती नीटच होती.

"म्हंजे दर आठ दिवसानं?"

"युरिया टाकला नाही तर दहा."

"ठीक हाये," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेले दोर तुमी घ्याचा. दांडी मी धरीन."

पुढच्या खेपेला दोर बाबूंनी घेतला. त्या आधी सकाळभर त्यांनी अंगणात बसून बेअरिंगला तेल घातलं, साखळी पुसली, कागदाची चिंधी दोन्ही टोकांना धरून पाहिली. कौशल्याबाईंनी तीच चिंधी घेऊन मध्ये धरून पाहिली, आणि उजवा स्क्रू जरासा ढिला आहे असं सांगितलं. ढिला होता. मग दोघं निघाले. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते. बाबूंनी बघणाऱ्यांकडे मान वळवली की ओळ वाकडी जाई, आणि मागून दांडीवरून आवाज येई, "पुढं पाहा जी."

बाबू पुढं पाहत.